रिलीफ आल्याशिवाय

"एक मिनिट, पोरी," आबा म्हणाले आणि संघमित्राच्या मस्तकात तिडीक गेली.

हे मिनिट सकाळी आठला सुरू झालं होतं आणि आता पावणेदहा वाजत आले होते. दारात ॲम्ब्युलन्स उभी होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, एकदा आत डोकावून पाहिलं आणि शेवटी शेजारच्या इंगळेकाकूंच्या ओट्यावर तो चहा पीत बसला. मलकापूर ते अकोला दोन तासांचा रस्ता. साडेबाराच्या आत दवाखान्यात भरती, दोन वाजता बायपास. देवचंद तायडे, वय अडुसष्ट, रेल्वेतले निवृत्त गेटमन, यांच्या हृदयाच्या मुख्य धमनीत नव्वद टक्के अडथळा होता आणि याआधीच्या दोन तारखा त्यांनी अशाच घालवल्या होत्या. डॉक्टर फटकळ माणूस. "तिसरी चुकली तर चौथी द्यायला मला वेळ असेल," तो फोनवर म्हणाला होता, "तुमच्या वडिलांना नसेल."

आणि आबा खुर्चीत ताठ बसून मोबाइलवर गेम खेळत होते!

हसू नका. संघमित्रालाही महिन्यापूर्वी हसूच आलं होतं. इंगळेकाकूंचा फोन आला होता, "मितू, तुह्या बापाचे पाय पाह्य व एकडाव येऊन. खांबावानी सुजले. दिवसभर खुर्ची सोडत नाई." तेव्हा तिला वाटलं, म्हाताऱ्याला लागला नाद, लागू दे, एकटं तरी वाटणार नाही. आता समोर ते पाय होते. घोट्याचं हाड दिसत नव्हतं. चारशे बारा दिवस, रोज चौदा तास बसून झालेले पाय होते ते.

"आबा, उठा. गाडी थांबली आहे."

"वेशीबाहेर माणसं हायेत. त्यायले आत घेतो, दार लावतो, मग उठतो."

"हे तुम्ही तासाभरापूर्वी म्हणालात."

"तवाचे येगळे होते. अन् फोन घेऊन गाडीत बसा म्हणू नको, ड्युटीवरला माणूस जागा सोडत नाई."

तिनं सरळ फोनला हात घातला. आबांनी तो छातीशी धरला, चेहरा राखेसारखा झाला आणि दुसरा हात डाव्या बरगडीवर गेला. तिची बोबडीच वळली. जिभेखालची गोळी शोधून तिनं ती त्यांच्या तोंडात घातली. गोळी विरघळत असतानाही म्हाताऱ्याचा अंगठा पडद्यावर होता. वेस मिटल्याचा खडखड आवाज आला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

ओढून न्यावं तर वाटेतच काही व्हायचं, आणि बसू द्यावं तर खुर्चीत व्हायचं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि ही विहीर खणली होती कुणी? तर खुद्द संघमित्रा तायडेनं.

गेमचं नाव 'वेस'. पुण्यात बाणेरच्या एका कंपनीत बनलेला, डावपेचांचा गेम. तुम्हाला एक गाव मिळतं, भोवती तट, एक वेस. बाहेर शत्रू, चोर, वाटसरू, गुरं. कुणाला आत घ्यायचं, केव्हा दार लावायचं, कुठे कुमक पाठवायची, ते तुम्ही ठरवायचं. असले गेम छप्पन्न आहेत. 'वेस'ची करामत होती तिच्या आत बसवलेल्या 'पारखी' नावाच्या यंत्रबुद्धीत, आणि तिला माणसांचे प्रकार शिकवणारी मानसशास्त्रज्ञ होती संघमित्रा.

बोट कुठे टेकलं एवढंच फोनच्या काचेला कळतं, असं आपल्याला वाटतं. तिला बरंच कळतं. बोट किती दाबलं, किती वेळ रेंगाळलं, पुढे जाता जाता कुठे कचरलं, सगळं. पारखी पहिली चाळीस मिनिटं नव्या खेळाडूपुढे बारीक बारीक पेच टाकायची. डावीकडे खजिना सापडला, उजवीकडे धनगराची मेंढरं उघड्यावर राहिली. अंगठा आधी कुठे जातो याला फारशी किंमत नाही. खजिना घेताना तो मेंढरांकडे वळून पाहतो का, आणि किती वेळा, यावर सगळं ठरतं. लढवय्ये ओळखता येत होते, साठवणारे येत होते, भटकेही येत होते. त्यांना कुठल्या आमिषानं खिळवायचं ते सगळ्या कंपन्यांना ठाऊक होतं.

संघमित्रानं चौथा प्रकार दाखवून दिला. राखणदार. याला जिंकायची हौस नसते. तलवारी विकत घेत नाही, कुणाशी स्पर्धा करत नाही. पण आपण नसताना काही बुडालं, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. असा माणूस गेम कधीच सोडत नाही. बैठकीत कुणीतरी विचारलं, "अशी माणसं असतात?" त्यावर ती म्हणाली होती, "असतात. माझे वडील आहेत."

आणि मग तिनं ती गोष्ट सांगितली होती. एकतीस वर्षांपूर्वीची, नऊ वर्षांच्या मितूची. आईला दम्याचा झटका आला होता, ओठ निळे पडले होते, आणि मितू क्वार्टरपासून गेटपर्यंत अनवाणी धावत गेली होती. "आबा, आई बोलावते!" आबा हातात हिरवा झेंडा घेऊन उभे. रिलीफचा, म्हणजे ड्युटी बदलून घेणारा गेटमन ज्या पॅसेंजरनं यायचा ती लेट. तीन गाड्या यायच्या होत्या. "एक मिनिट, पोरी. रिलीफ येऊ दे." रिलीफ पन्नास मिनिटांनी आला. तोवर आई गेली होती.

बैठकीत सगळे म्हणाले, फार छान उदाहरण आहे. तिलाही, खोटं कशाला सांगा, बरं वाटलं. मनात साठलेलं जहर कुठेतरी कामी आलं.

सुरुवातीला 'वेस'मध्ये 'पहारा बदल' नावाचं बटण होतं. आपलं गाव थोडा वेळ दुसऱ्या खेळाडूच्या हाती सोपवता यायचं. चाचणीत दिसलं की राखणदार ते बटण दाबतात, निवांत झोपतात आणि दोन दोन दिवस फिरकत नाहीत. संघमित्रानं अहवालात एक ओळ लिहिली: 'राखणदाराला रिलीफ देऊ नका.' बटण गेलं. पुढचं पारखी स्वतःच शिकली. माणूस उठायच्या चार सेकंद आधी फोनवरची पकड सैल होते, फोन जरासा कलतो. नेमक्या त्या क्षणी वेशीबाहेर कुणीतरी यायचं आणि हाक मारायचं. ही हाक कुणी लिहिलेली नव्हती. कशानं माणूस परत बसतो, एवढंच ते यंत्र मोजत होतं.

आबांनी गेम का घेतला होता? इंगळेकाकूंनी सांगितलं. "साऱ्या गल्लीले दाखवे तो. माह्या पोरीनं बनवला म्हणे."

संघमित्रा अंगणात आली आणि तिनं ऑफिसात मकरंदला फोन लावला. पारखीची सगळी यंत्रणा तो सांभाळायचा.

"आबांचं खातं बंद कर. आत्ता."

"करतो, पण खातं बंद होताना गाव जळताना दिसतं. परत यावंसं वाटावं म्हणून. माहीत आहे ना तुला?"

"मग दाखवू नकोस!"

"तो भाग माझ्या हातात नाही. वरून परवानगी, दोन दिवस."

"दोन तासांसाठी पहारा बदल सुरू कर. फक्त त्यांच्यासाठी."

"मितू, ते बटण काढायला तूच लावलंस. आता कोडमध्येही नाही ते."

तिनं फोन ठेवला. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. ड्रायव्हरनं चहाचा कप पालथा घातला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला त्या अंगणात कळलं. म्हातारा मरणार होता आणि तिच्या एका ओळीनं मरणार होता. राखणदाराला रिलीफ देऊ नका.

रिलीफ!

ती घरात धावली. आबांच्या खुर्चीशेजारी, स्टुलावर, एक लांबट रजिस्टर होतं. इतका वेळ तिनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. उघडलं. पहिल्या पानावर गावाचं नाव: इंदुवाडी. इंदू तिच्या आईचं नाव. खाली एकशे बारा माणसांची यादी, आणि मग चारशे बारा दिवसांची ड्युटी, तारीखवार, सुवाच्य अक्षरात. 'चार्ज घेतला' या रकान्यात रोज सही होती. 'चार्ज दिला' हा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा.

ती दारात गेली, चपला घातल्या आणि उंबऱ्यावर ताठ उभी राहिली. रिलीफचा गेटमन असा येऊन उभा राहताना तिनं लहानपणी शंभर वेळा पाहिलेला होता.

"रिलीफ आला आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "चार्ज द्या."

आबांचा अंगठा थांबला. चारशे बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पडद्यावरून नजर उचलून दाराकडे पाहिलं.

"कोण?"

"संघमित्रा देवचंद तायडे."

"लेट आली."

"गाडी लेट होती."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. थट्टा करते की काय, याचा अंदाज घेत असावा. मग घसा खाकरला. "सामान पाहून घे. माणसं एकशे बारा. गुरं चाळीस. वेस बंद, कुलूप लावलेलं. उत्तरेकडून येणाराले विचारल्याशिवाय आत घेऊ नको."

"पाहिलं."

"सही कर. सही होयेपर्यंत गेट माहं."

तिनं सही केली. आबांनी आपली केली, आणि रजिस्टरच्या मागच्या खिशातून आकड्यांचा एक कागद काढून तिच्या हातात दिला. प्रायव्हेट नंबर! गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर गेटवर फोन करायचा. गेटमननं फाटक लावायचं, कुलूप घालायचं आणि मगच कागदावरचा पुढचा दोन आकडी नंबर मास्तरला द्यायचा. तो नंबर हाच गेटमनचा शब्द. फाटक उघडं असताना नंबर देणं म्हणजे माणसं मारणं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत देवचंद तायड्यांनी एकही खोटा नंबर दिला नव्हता, आणि निवृत्त झाल्यावर गेमसाठी स्वतःच्या हातानं आकडे लिहून कागद तयार केला होता. नंबर देणार कुणाला, तर स्वतःलाच!

"मी इचारीन," ते म्हणाले. "गेट बंद असंल तरच द्याचा."

"हो आबा."

ते उठले. उठता उठता फोन तिच्या हातात आला आणि वेशीबाहेरून कुणीतरी हाक मारली. आबांची मान वळली. "माझी ड्युटी आहे," संघमित्रा म्हणाली आणि अंगठा टेकवला. खडखड आवाज झाला. ते एखाद्या पोरासारखे ड्रायव्हरचा हात धरून गाडीत चढले.

नांदुऱ्याच्या आधीच ते झोपले. खामगावला डोळे उघडले. "गेट?" तिनं अंगठा टेकवला, आवाज होऊ दिला. "बंद आहे. नंबर सात-तीन." "घेतला," म्हणाले आणि परत झोपले. पुढचा नंबर दोन-नऊ होता.

तुम्ही म्हणाल, दवाखान्यात पोचल्यावर तरी तो फोन बंद करून टाकायचा. तिनंही हेच ठरवलं होतं. साडेबाराला भरती झाली, आबांना आत नेलं, तपासण्या सुरू झाल्या, आणि ती ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसली. पण आबा आतून कधीही विचारतील, या विचारानं तिनं फोन हातात ठेवला. नुसता हातात.

हात बदललाय हे पारखीनं एव्हाना हेरलं होतं. संघमित्राला ते कळत होतं. प्रत्येक पायरी तिला पाठ होती. आधी खजिना आला. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. 'आता मेंढरं येतील,' ती मनात म्हणाली, आणि आली. तिनं दुर्लक्ष केलं. लुटारू आले, तिला कंटाळा आला. मग एक म्हातारा आला, एक गाय आली, एक बाई आली. एकदा वेशीपाशी एक लहान मुलगी दिसली आणि तिचा अंगठा जरासा, केसभर, रेंगाळला.

झालं. मुंगीला साखर दिसली.

दीड वाजता इंदुवाडीबाहेर ती मुलगी परत आली. या वेळी धावत, अनवाणी, धापा टाकत. मागे वणवा होता. मितूबद्दल पारखीला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तिनं फक्त अंगठा कुठे अडतो ते पाहिलं होतं आणि तिथेच खणत गेली होती. मुलगी दार वाजवू लागली. दार उघडावं तर वणवा आत येणार, न उघडावं तर पोरगी बाहेर. विहिरीवरची माणसं इकडे वळव, तटावर पाणी ओत, दार अर्धं उघड. तिचे दोन्ही अंगठे चालू लागले. हे सगळं खोटं आहे हे तिच्याइतकं पृथ्वीतलावर कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याचा कवडीचाही उपयोग होत नव्हता.

"तायडेंचं कोण आहे?" थिएटरच्या दारातून नर्सनं विचारलं. "आत घेतोय त्यांना. तुम्हाला बोलावताहेत. लवकर या, भूल द्यायची आहे."

"एक मिनिट," संघमित्रा म्हणाली.

तिनंच म्हटलं होतं. तोच स्वर, तोच हेल.

तिनं नर्सकडे पाहिलं. नर्सच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे नऊ वर्षांच्या मितूच्या चेहऱ्यावर असणार. पडद्यावर मुलगी ओरडत होती. संघमित्राची पकड सैल झाली असावी, कारण वणवा एकदम तटावर चढला आणि एकशे बारा माणसं एकदम हाका मारू लागली. उठणं इतकं कठीण असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आपल्याच अहवालातला प्रकार नंबर चार आपल्याच अंगात बसलेला होता, बापाकडून आलेला, आणि काखेत कळसा असून ती गावभर शोधत फिरली होती.

तिनं फोन बाकावर उपडा ठेवला आणि उठली. तो मागे वाजत राहिला.

आत आबा स्ट्रेचरवर पडले होते, हिरव्या चादरीत, एवढेसे. भूल देणारा डॉक्टर सुई घेऊन थांबला होता. तिनं त्यांचा हात धरला.

"गेट?" आबांनी विचारलं.

दोन-नऊ. जिभेच्या टोकावर होता. दोन आकडे सांगितले की म्हातारा निवांत डोळे मिटणार होता. कुणाचं काय बिघडलं असतं? पण ज्या घरात ती वाढली तिथे हा एक खोटेपणा कधी झाला नव्हता, आणि तिच्या तोंडून तो बाहेर पडेना.

"नंबर दे, पोरी."

"नंबर नाही आबा. फोन बाहेर बाकावर आहे. मी गेट सोडून आले."

यंत्रावरची टिकटिक वाढली. डॉक्टरनं तिच्याकडे रागानं पाहिलं. आबा छताकडे बघत राहिले आणि तिला वाटलं, संपलं, आपण आपल्या हातानं मारलं यांना.

"कायले सोडलं?"

"तुम्ही बोलावलंत."

त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. हातावरची पकड घट्ट झाली.

"बरं केलं," ते म्हणाले. "मले नाई जमलं."

टिकटिक हळूहळू खाली आली. डॉक्टरनं सुई टोचली आणि त्यांना आत नेलं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. त्यातला बराच वेळ ती बाकावर रडत बसली, एकतीस वर्षांचं एकदम. फोनची बॅटरी कधी संपली ते तिला कळलंही नाही. साडेसहाला डॉक्टर बाहेर आला, टोपी काढली आणि म्हणाला, "चिवट माणूस आहे."

त्याच आठवड्यात तिनं कंपनीला एक ओळ लिहून पाठवली: 'राखणदाराला रिलीफ द्या. नाही दिलात तर मी हे बाहेर सांगेन.' त्यावर उत्तर आलेलं नव्हतं. मकरंदनं मात्र रात्रंदिवस बसून बटण पुन्हा लिहायला घेतलं होतं, कुणालाही न विचारता.

सहाव्या दिवशी आबा उशीला टेकून बसू लागले. पहिली मागणी रजिस्टरची. संघमित्रानं भीत भीतच दिलं. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात नोंद होती: 'दुपारी १.४०. रिलीफ नसताना गेट सोडलं. कारण: बोलावणं आलं. एकशे बारा माणसं, चाळीस गुरं गेली.'

आबांनी ती दोनदा वाचली. पेन मागितलं. खाली लिहिलं, 'योग्य', आणि सही केली. पेन मात्र परत दिलं नाही. पुढच्या कोऱ्या पानावर टोक टेकवून बसले.

"तवाचं रजिस्टर रेल्वेत जमा झालं," ते हळूच म्हणाले. "नाई तं त्यातबी एक शब्द लिहाचा होता मले. चूक."

हा शब्द ऐकायला ती एकतीस वर्षं थांबली होती. मनात कितीदा तरी तो त्यांच्या तोंडी घालून पाहिला होता. आता तो आला, आणि तिला ती दुपार वेगळीच दिसली. फाटकापलीकडे थांबलेली शाळेची बस दिसली, खिडक्यांतून डोकावणारी पोरं, लांबून येणारी मेल, आणि हिरवा झेंडा धरलेला तो कापणारा हात. हात कापत होता हे तिला कधी आठवलंच नव्हतं.

तिनं त्यांच्या हातून पेन काढून घेतलं.

"नाही आबा," ती म्हणाली. "तिथल्या गाड्या खऱ्या होत्या."